एडिसन ते ऑर्लँडो: सहा माणसांच्या डिस्ने सहलीचा हिशेब

नाताळच्या सुट्टीत डिस्नेला जायचं, हे न्यू जर्सीतल्या एडिसनच्या या घरात ऑगस्टमध्येच ठरून गेलं होतं. सांगलीहून आई-बाबा दिवाळीला येणार होते, जानेवारीत परत जाणार होते. मधल्या काळात नातवंडांबरोबर एक मोठी सहल व्हावी, एवढीच मुलाची इच्छा. घरात माणसं सहा: आजी 68 वर्षांची, गुडघे दुखणारी. आजोबा 72 वर्षांचे, मिरजेतून रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झालेले. मुलगा, सून, नऊ वर्षांची थोरली आणि डिसेंबरच्या शेवटी तीन वर्षांचा होणारा धाकटा. (हे कुटुंब दोन-तीन ओळखीच्या घरांवरून बेतलेलं आहे. नियम आणि दर मात्र 2024 सालचे, खरे.)

पहिला बेत असा होता: 22 ते 29 डिसेंबर, डिस्नेच्याच हॉटेलात दोन खोल्या, चार पार्क चार दिवसांत, सगळ्यांना सगळ्या दिवसांची तिकिटं, वर एका दिवसात दोन-दोन पार्क करण्याची सोय, आणि रांग टाळण्याचा पास रोजच्या रोज. कागदावर हा बेत निर्दोष दिसतो. एकदाच जातोय तर सगळं बघून घेऊ, ही आपल्याकडची नेहमीची भूमिका. सुनेनं सगळे आकडे एका खाली एक मांडले, बेरीज केली, आणि काही न बोलता लॅपटॉप नवऱ्याकडे फिरवला.

इथून पुढे दोन महिने या घरात जे झालं, ते मला सांगण्यासारखं वाटतं. कारण पैसे वाचवायच्या ज्या युक्त्या लोक आधी शोधतात (कूपन, सवलतीची तिकिटं, स्वस्त टोप्या), त्यांनी इथे फारसं काही वाचलं नाही. वाचलं ते तारीख बदलल्यानं, आणि कोणाला कुठल्या दिवशी तिकीट लागत नाही हे नीट बघितल्यानं.

तारीख

ऑर्लँडोतल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डची तिकिटं ऑक्टोबर 2018 पासून तारखेप्रमाणे महाग-स्वस्त होतात. 2024 मध्ये एका दिवसाचं प्रौढ तिकीट 109 डॉलरपासून 189 डॉलरपर्यंत होतं, आणि 189 चा आकडा मॅजिक किंगडम या पार्कचा, नाताळच्या आठवड्यातला. जास्त दिवसांचं तिकीट घेतलं की दिवसाचा दर उतरतो, पण नाताळचा भाव नाताळचाच राहतो. रांग टाळायच्या, निवडलेल्या वेळी जलद रांगेतून सोडणाऱ्या लायटनिंग लेन मल्टी पासचंही तसंच. तोही दिवसागणिक बदलतो आणि त्या आठवड्यात मॅजिक किंगडमला माणशी 39 डॉलरला गेला होता. पाच माणसांचे 195, एका दिवसाचे. त्या वर्षी 30 ऑक्टोबरपासून प्रीमियर पास नावाचा आणखी एक प्रकार सुरू झाला, त्यात वेळा न ठरवता कधीही जलद रांगेत शिरता येतं. त्याचा तेव्हाचा वरचा दर माणशी 449 डॉलर. मुलाच्या ऑफिसातल्या एकानं 'तोच घ्या, डोक्याला ताप नको' असा सल्ला दिला होता. सल्ला देणाऱ्याच्या घरी माणसं दोन.

महाग दिवस हाच गर्दीचा दिवस असतो, हे इथलं खरं दुखणं. जास्त पैसे देऊन कमी राइड मिळतात. मग त्या राइड मिळवायला पुन्हा पासचे पैसे. म्हणजे एकाच गर्दीचा भुर्दंड दोनदा.

मग पहिला पर्याय आला जर्सी वीकचा. न्यू जर्सीत शिक्षक संघटनेचं अधिवेशन दर नोव्हेंबरात अटलांटिक सिटीला भरतं आणि त्या गुरुवारी-शुक्रवारी राज्यभर शाळा बंद असतात. 2024 मध्ये त्याच आठवड्यात मंगळवारी निवडणूक होती. म्हणजे दोनच दिवस शाळा बुडवून अख्खा आठवडा हातात. युक्ती चांगलीच आहे, इतकी की अर्ध्या न्यू जर्सीला ती ठाऊक आहे. त्या आठवड्याला ऑर्लँडोतही जर्सी वीकच म्हणतात. नेवार्कहून जाणारी विमानं भरलेली, भाडी चढलेली, आणि रांगेत मागे उभा असलेला माणूस आपल्याच गावातला निघतो.

शेवटी ठरला तो डिसेंबरचा पहिला आठवडा. थँक्सगिव्हिंगची गर्दी घरी गेलेली, नाताळची अजून यायची, आणि मॅजिक किंगडममधल्या किल्ल्यावर रोषणाई मात्र लागलेली. किंमत एकच: थोरलीची शाळा पाच दिवस बुडणार. यावर घरात बरीच खडाजंगी झाली. आजोबांचं म्हणणं, शाळा बुडवून जत्रा कसली? सुनेचं म्हणणं, चौथीच्या पाच दिवसांत काय बुडतं ते मी घरी करून घेईन. माझं मत सुनेच्या बाजूनं आहे, पण दहावी-बारावीच्या मुलाबाबत मी ते दिलं नसतं.

याच तारखेनं आणखी एक काम केलं. डिस्नेत तीन वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. धाकटा नाताळात तीनचा होणार होता. पहिल्या आठवड्यात तो फुकट होता. दहा वर्षं पूर्ण झाली की मुलांचं तिकीट जाऊन मोठ्यांचं लागतं, त्याची लोक फार काळजी करतात, पण त्यातला फरक दिवसाला थोड्याच डॉलरचा असतो. खरी उडी शून्यापासून तीनची. विमानात मात्र हा नियम नाही, तिथे दोन वर्षांनंतर खुर्ची विकत घ्यावीच लागते.

कोणाला कुठलं तिकीट

चार पार्कांपैकी कुठले करायचे, यावर सुनेनं घरात सगळ्यांना एक प्रश्न विचारला: कुठला नाही पाहिला तर वाईट वाटेल? आजी-आजोबांना किल्ला आणि प्राणी. थोरलीला किल्ला आणि स्लिंकी डॉगचा रोलर कोस्टर. धाकट्याला डंबो हत्ती. एपकॉटचं नाव कोणीच घेतलं नाही, तेव्हा एपकॉट गेलं. एका दिवसात दोन पार्क करण्याची जादा सोयही गेली. तीन वर्षांचं मूल आणि दुखरे गुडघे घेऊन दुपारी दुसऱ्या पार्कात जाणारं कुटुंब मी तरी पाहिलेलं नाही, पैसे मात्र भरलेली बरीच पाहिली.

उरले मॅजिक किंगडम, हॉलीवूड स्टुडिओज आणि अ‍ॅनिमल किंगडम. यात हॉलीवूड स्टुडिओजमध्ये आजी-आजोबांच्या उपयोगाचं फारसं काही नाही. म्हणून त्या दोघांना दोन दिवसांची तिकिटं, बाकी तिघांना तीन दिवसांची. सुनेचा मूळ विचार असा की त्या दिवशी धाकटाही आजीपाशी राहील. त्यावर आजी म्हणाली, "अगं, दोन विमानं बदलून मी काय पाळणाघर चालवायला आलेय का?" सून म्हणाली, "तसं नाही हो आई, राहू दे, त्याला आम्ही नेतो." आजीचं बरोबरच होतं. धाकटा आई-बापाबरोबर गेला आणि आजी-आजोबांना एक पूर्ण दिवस मोकळा मिळाला.

दोन दिवसांचं तिकीट पहिल्या तारखेपासून चार दिवसांच्या आत वापरावं लागतं. त्यामुळे मंगळवारी मॅजिक किंगडम, बुधवारी हॉलीवूड स्टुडिओज, गुरुवारी विश्रांती आणि शुक्रवारी अ‍ॅनिमल किंगडम, ही मांडणी बसत होती. तशी ती बसवली.

राहणं, गाडी, डबा

डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना दोन मोठे फायदे आहेत: रोज सकाळी अर्धा तास आधी प्रवेश, आणि मल्टी पासच्या वेळा सात दिवस आधी निवडता येणं. बाहेर राहणाऱ्याला त्या तीनच दिवस आधी निवडता येतात. शिवाय हॉटेलवाल्यांना पार्किंग फुकट, बाहेरच्यांना 2024 मध्ये दिवसाला 30 डॉलर पडत होते. तरी या कुटुंबानं डिस्नेजवळच्या किसिमी गावातलं तीन खोल्यांचं भाड्याचं घर घेतलं. कारण सहा माणसांना डिस्नेत दोन खोल्या किंवा मोठा सूट लागतो, आणि आजोबांना दुपारी आडवं व्हायला बंद दाराची खोली लागते. पण घराचं भाडं बघताना जाहिरातीतला रात्रीचा दर बघू नका. साफसफाईचे पैसे आणि साडेतेरा टक्के कर मिळवून जो आकडा येतो तो बघा. छोट्या मुक्कामाला साफसफाईचाच बोजा जड होतो.

गाडीबाबत एक बारीक गोष्ट न्यू जर्सीकरांसाठी. ऑर्लँडोच्या आजूबाजूचे बहुतेक जलद रस्ते टोलचे आहेत, आणि भाड्याच्या गाडीतलं टोलयंत्र वापरलं की टोलवर रोजचं वेगळं शुल्क लागू शकतं. आपलं ईझी-पास हे टोलयंत्र तिथल्या टोलरस्त्यांवर चालतं. मुलानं ते काचेवरून काढून बॅगेत टाकलं आणि तिथल्या व्हॅनला लावलं. धाकट्याची कार सीट आणि बाबागाडीही घरचीच नेली. भाड्यानं घ्यावी लागली नाही. बाबागाडी 31 इंचांपेक्षा रुंद आणि 52 इंचांपेक्षा लांब चालत नाही, एवढं मोजून घ्यायचं.

आता डबा. पार्कात बाहेरचं खाणं न्यायला परवानगी आहे, हे आपल्याकडच्या मल्टिप्लेक्सची सवय असलेल्या माणसाला खरं वाटत नाही. दारू चालत नाही, काचेचं भांडं चालत नाही, बाकी बहुतेक खाणं नेता येतं. आजीनं आदल्या रात्री किसिमीच्या स्वयंपाकघरात तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या, सांगलीहून आणलेलं भडंग पिशव्यांत बांधलं आणि लिंबाच्या लोणच्याची काचेची बरणीही पिशवीत ठेवली. ती सुनेनं वेळेवर पाहिली म्हणून लोणचं प्लास्टिकच्या डबीत गेलं. पाण्याची बाटली पार्कात चार डॉलरच्या आसपास मिळते. आजी प्रत्येक गोष्ट 84 नं गुणत होती, त्यामुळे तीनशे छत्तीस रुपयांचं पाणी पिणं तिच्यानं होणं शक्यच नव्हतं. पण झटपट खाण्याच्या कुठल्याही काउंटरवर मागितलं की बर्फ घातलेलं पाणी पेल्यात फुकट देतात, खरेदीची अट नाही.

तरी रोज एक जेवण पार्कातच घ्यायचं असं ठरवलं होतं. मुलांना ट्रेमध्ये मिळणारं खाणं हा सहलीचाच भाग वाटतो, आणि तिन्ही वेळा पुऱ्या दिल्या तर बंड होतं. फक्त ऑर्डर अ‍ॅपवरून अकराच्या आधी देऊन ठेवायची. बाराला काउंटरवर जे उभे असतात त्यांचा अर्धा तास सहज जातो.

मंगळवार

मंगळवार मुद्दाम निवडला होता. नोव्हेंबर-डिसेंबरात काही रात्री मॅजिक किंगडममध्ये नाताळची वेगळ्या तिकिटाची पार्टी असते. त्या दिवशी साध्या तिकिटवाल्यांना संध्याकाळी 6 ला बाहेर काढतात आणि त्यांना रात्रीची आतषबाजी मिळत नाही. म्हणून बरेच लोक तो दिवस टाळतात, आणि म्हणूनच दिवसा गर्दी कमी असते. फक्त पार्टीवाल्यांना दुपारी 4 पासून आत सोडतात. तेव्हा मोठ्या राइड चारच्या आत उरकायच्या.

या दिवसाचा हिशेब सुनेनं घातला होता तो असा. तिकीट माणशी दीडशे डॉलर धरलं, तर पाच जणांचे साडेसातशे. पार्क नऊ तास उघडं. तासाला त्र्याऐंशी डॉलर. म्हणजे एका राइडच्या रांगेत सव्वा तास उभं राहिलं तर शंभर डॉलर गेले. या नजरेनं बघितलं तर मल्टी पासचे माणशी तीस डॉलर महाग वाटत नाहीत. पण तो सगळ्यांना कशाला? आजी-आजोबा ज्या राइडमध्ये बसणार होते त्यांना रांगच नसते. पास तिघांसाठी घेतला, तोही याच एका दिवसासाठी, आणि पहिली वेळ पीटर पॅनसारख्या कायम तुंबलेल्या राइडची निवडली.

बाहेर राहण्याची खरी किंमत सकाळी कळली. मॅजिक किंगडमला गाडी थेट दारात जात नाही. तळ्याच्या अलीकडे ट्रान्सपोर्टेशन अँड टिकेट सेंटरपाशी लावायची, मग फेरीबोट किंवा मोनोरेल. गाडीच्या दारापासून किल्ल्यापर्यंत पाऊण तास धरावा, चाकखुर्ची असेल तर थोडा जास्तच. नऊला पार्क उघडणार म्हणून घरातून साडेसातला निघाले. आजी चाकखुर्चीला आधी नाहीच म्हणाली होती, "मी काय पांगळी आहे?" सुनेनं तिला फोनवर आदल्या दिवशीची स्वतःची विमानतळावरची पावलं दाखवली आणि सांगितलं की उद्या याच्या तिप्पट. मग म्हणाली, "घे बाई, पिशव्या ठेवायला तरी होईल." दुपारनंतर पिशव्या आजोबांच्या खांद्यावर होत्या.

उंचीचा प्रश्न घरीच सोडवला होता. सेव्हन ड्वॉर्फ्स माइन ट्रेनला 38 इंच लागतात. सुनेनं एडिसनच्या घरात दाराच्या चौकटीवर 38 वर पेन्सिलनं रेघ मारून धाकट्याला उभं केलं होतं, तो 36. त्यामुळे दारात रडारड नाही. उलट त्याचा उपयोगच झाला. मूल उंचीत बसत नसेल तर रायडर स्विच मागता येतो: एक पालक राइडला जातो, दुसरा मुलाजवळ थांबतो, आणि नंतर थांबलेल्यालाही रांग न लावता जलद दारानं सोडतात, बरोबर आणखी दोघांना नेता येतं. थोरली आधी बापाबरोबर बसली, मग आईबरोबर. एका रांगेत दोन फेऱ्या. यासाठी पैसे नाहीत, फक्त दारावरच्या कर्मचाऱ्याला आधी सांगावं लागतं, आणि निम्म्या आपल्या लोकांना ते माहीत नसतं.

आजोबांचा दिवस मात्र कोणीच आखला नव्हता. मॅजिक किंगडमभोवती एक वाफेची आगगाडी फिरत होती, दीड मैलाची फेरी, वीसेक मिनिटांची. तिची चारही इंजिनं फिलाडेल्फियाच्या बॉल्डविन कारखान्यात 1916 ते 1928 च्या दरम्यान बनलेली, मेक्सिकोत युकातानमध्ये चाललेली खरी इंजिनं आहेत. मिरजेच्या यार्डात नोकरी काढलेल्या माणसाला हे फलाटावर उभ्या राहिल्या राहिल्याच उमगलं. त्यांनी पहिल्या फेरीनंतर उतरायला नकार दिला. फलाटावरच्या कर्मचाऱ्याशी त्यांनी बॉयलरच्या दाबावर हातवाऱ्यांनी चर्चा केली. कर्मचाऱ्याला किती कळलं देव जाणे, पण त्यानं त्यांना इंजिनाजवळ नेऊन उभं केलं. रांग शून्य, पास शून्य. बहुतेक लोक तिला पायांना विसावा देण्यापुरती वापरतात.

सहा वाजता सगळे बाहेर. थोरली एवढंच म्हणाली, फटाके राहिले.

बुधवार रात्र

फटाक्यांची सोय बुधवारी होती. पार्किंगचे पैसे एकदा भरले की त्या दिवसापुरते चारही पार्कांना चालतात. बुधवारी सकाळी हॉलीवूड स्टुडिओजला ते भरलेलेच होते. त्या रात्री मॅजिक किंगडममध्ये पार्टी नव्हती, म्हणजे नेहमीची आतषबाजी. मुलगा संध्याकाळी घरी जाऊन आई-बाबांना घेऊन आला, तीच पावती दाखवून गाडी पुन्हा तळ्यापाशी लावली, आणि सहाही जण फेरीबोटीच्या धक्क्याजवळ कठड्याला टेकून उभे राहिले. तिथे उभं राहायला तिकीट लागत नाही. मोनोरेललाही लागत नाही, फेरीलाही नाही. किल्ला लांब दिसतो, भिंतींवरची प्रकाशचित्रं दिसत नाहीत हे खरं. पण त्यासाठी आत तासभर आधी जागा धरून, माणसांच्या गर्दीत तीन वर्षांच्या मुलाला खांद्यावर घ्यावं लागतं, तेही नव्हतं. आजी-आजोबांच्या न काढलेल्या तिसऱ्या दिवसाच्या तिकिटातलं त्यांना हवं होतं ते एवढंच.

गुरुवारी कोणालाच पार्क नाही. अ‍ॅनिमल किंगडम लॉज या डिस्नेच्याच हॉटेलात साना नावाचं रेस्टॉरंट आहे, दोन महिने आधी टेबल धरता येतं. तिथे नान-कुलच्यांबरोबर नऊ तऱ्हेच्या चटण्या-रायती ताटात येतात, आणि खिडकीबाहेर जिराफ, झेब्रे चरत असतात. आजीनं नऊही चाखून तीनच पास केल्या. सहलीतलं बाहेर बसून घेतलेलं हे एकच महाग जेवण, आणि ते पार्काच्या तिकिटाशिवाय झालं.

शुक्रवार लवकर आटोपला. अ‍ॅनिमल किंगडमला सकाळी सगळ्यांत आधी सफारी, कारण उन्ह चढलं की प्राणी आडोशाला जातात. मग लायन किंगचा कार्यक्रम, दोनला घरी.

काय महाग पडलं

या मांडणीत मुलगा पुरता दमला. किसिमीचं घर स्वस्त होतं, पण रोज दोन-तीन खेपा, सकाळचा पाऊण तास आणि बुधवारची जादा फेरी त्याच्याच माथी होती. गाडी चालवणारी दोन माणसं नसतील, किंवा सहाऐवजी चारच जण असतील, तर मी डिस्नेतलीच साधी खोली सुचवेन. तिथे पार्किंगचे पैसे वाचतात, बस दारात येते आणि अर्धा तास आधीचा प्रवेश मिळतो. चार माणसांना स्वयंपाकघराचा फायदाही निम्मा होतो. वडीलधारी मंडळी बरोबर असली की हे गणित उलटतं, कारण दुपारची झोप आणि घरचं जेवण यांना पर्याय नाही.

थोरलीला हॉलीवूड स्टुडिओजमध्ये स्लिंकी डॉग सकाळी दार उघडल्याबरोबर मिळाला, पण स्टार वॉर्सची मोठी राइड दिवसभर वारंवार बंद पडत राहिली आणि शेवटी राहिली. त्या दिवशी पास नव्हता. असता तरी बंद राइडचं काय करणार.

पुढच्या वेळी धाकट्यालाही तिकीट लागेल, थोरलीला मोठ्यांचं. आजोबांनी जाताना सांगितलं आहे की मी परत येईन तेव्हा मला एकाच दिवसाचं काढा, आगगाडीचं.